पेसाखचे बेकिंग, एकाच टिनमध्ये

पेसाख या ज्यू सणाच्या दिवसांत बेकिंग करू पाहणारा नवखा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो मैद्याचा: मैदा चालत नसेल, तर केक कशाचा करायचा? या प्रश्नाचे उत्तर एका दुपारी शिकता येते. खरी अडचण भांड्यांची असते. वर्षभर ज्या टिनमध्ये पाव, नानकटाई आणि मैद्याचे केक भाजले, तो टिन या सणाला वापरता येत नाही. ज्या भांड्यात पीठ भिजवले ते भांडे, ज्या चाळणीने मैदा चाळला ती चाळणी आणि ज्या लाकडी चमच्याने मिश्रण ढवळले तो चमचा, हे सारे कपाटात बंद करून ठेवावे लागते. ज्यांच्याकडे आजीच्या वेळेपासून पेसाखचा स्वतंत्र भांड्यांचा संच चालत आलेला आहे, त्यांना याचे काही वाटत नाही. पण ठाण्या-मुंबईतल्या किंवा इस्राएलच्या लोद-अश्दोदमधल्या लहान घरात नव्याने संसार मांडलेल्या जोडप्याने सहा प्रकारचे साचे केवळ सात-आठ दिवसांसाठी ठेवायचे कुठे? म्हणून माझा सल्ला असा, की पेसाखसाठी एकच चांगला टिन घ्यावा आणि त्यात जमतील तेवढेच पदार्थ शिकावेत. एका टिनमध्ये गोड केक, सफरचंदाची मत्सा (मत्सा म्हणजे न आंबवलेली पातळ, कडक पोळी), टॉफी आणि बटाट्याचा तिखटमिठाचा पदार्थ असे चार प्रकार सहज होतात, आणि आठ दिवसांना ते पुरतात.

आधी नियम, थोडक्यात पण नेमके

पेसाख हा मिसरमधल्या (इजिप्तमधल्या) गुलामीतून झालेल्या ज्यूंच्या सुटकेचा सण असून तो ज्यू पंचांगातल्या निसान महिन्याच्या पंधराव्या तारखेला सुरू होतो. इस्राएलमध्ये तो सात दिवस आणि इस्राएलबाहेर आठ दिवस पाळतात. २०२७ साली पहिला सेदेर, म्हणजे सणाचे विधीपूर्वक रात्रीचे जेवण, २१ एप्रिलच्या संध्याकाळी आहे, म्हणजे आपल्याकडे ऐन उन्हाळ्यात. ही गोष्ट पुढे चॉकलेट आणि लोण्याच्या वेळी लक्षात ठेवावी लागेल. कोकणातल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या, घरांत या सणाला अनाशी ढाकाचा सण असे जुने नाव होते. सणापूर्वी घराला चुना लावायचा आणि तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करून घ्यायची, ही त्या घरांची रीत होती. १८७४ साली पुण्यात छापलेल्या मराठी-हिब्रू हग्गादामध्ये, म्हणजे सेदेरला वाचायच्या पुस्तकात, तर लुगडी नेसलेल्या, जमिनीवर बसून मत्सा करणाऱ्या बायकांचे चित्रच आहे. त्या बायकांकडे ओव्हन नव्हता, पण भांडी वेगळी हवीत याची जाणीव त्यांना आपल्याहून अधिक होती.

वर्ज्य वस्तूला हिब्रूत खामेत्झ म्हणतात. गहू, जव, राय, ओट आणि स्पेल्ट या पाच धान्यांपैकी कोणत्याही धान्याचे पीठ पाण्याशी मिसळून भाजले न जाता १८ मिनिटांहून अधिक काळ राहिले, की ते आंबू लागले असे मानतात. मत्सा गव्हाचीच असते, पण ती या १८ मिनिटांच्या आत मळून, लाटून, भाजून पूर्ण झालेली असते. त्यामुळे पेसाखमध्ये घरी कच्च्या गव्हाच्या पिठाला हात लावायचाच नाही, हा नवख्याने स्वतःला घालून घ्यायचा सर्वांत सोपा नियम. मैदा, रवा, कणीक, शेवया आणि पाव हे तर उघडच आहे. आपल्या स्वयंपाकघरात मात्र एक छुपा खामेत्झ असतो, तो म्हणजे हिंग. डबीत मिळणारा बांधानी हिंग बहुधा डिंक आणि गव्हाचे पीठ मिसळून केलेला असतो, त्यामुळे बटाट्याच्या पदार्थात सवयीने चिमूटभर हिंग पडला, की सगळी मेहनत वाया जाते. यीस्ट वर्ज्य आहे. खायचा सोडा मुळात वर्ज्य नाही. बेकिंग पावडरमध्ये भरीला मक्याचे किंवा दुसरे कसले स्टार्च असते, म्हणून तिच्यावर पेसाखसाठी कोशर (धर्मनियमांनुसार चालणारी) असल्याची खूण पाहूनच ती घ्यावी. व्हॅनिला इसेन्समधले अल्कोहोल धान्याचे असू शकते. त्याऐवजी संत्र्याची साल, वेलची किंवा जायफळ वापरले, तर हा प्रश्नच उरत नाही आणि माझ्या मते चवही अधिक चांगली लागते.

यापुढची पायरी घराघरांत बदलते, म्हणून इथे घाई करू नये. पूर्व युरोपातून आलेले अश्केनाझी लोक तांदूळ, मका, डाळी आणि कडधान्ये, म्हणजे ज्यांना कितनियोत म्हणतात ते सारे, पेसाखमध्ये परंपरेने खात नाहीत. सेफार्दी (मूळचे स्पेन-पोर्तुगालकडचे), बगदादी (इराककडून आलेले) आणि आपले बेने इस्राएल यांच्या ताटात मात्र भात असतो. अमेरिकेतल्या कन्झर्व्हेटिव्ह या ज्यू पंथाच्या धर्मसमितीने २०१५ साली कितनियोतला परवानगी दिली, तरी बरीच अश्केनाझी घरे जुनीच रीत पाळतात. हसिदी या कडक धार्मिक पंथाच्या काही घरांत तर मत्सा कोणत्याही ओल्या पदार्थाला लागू देत नाहीत, म्हणजे मत्साचा चुरा घातलेला केक त्यांना चालणार नाही. आणखी एक गोष्ट: कोशर जेवणात मांस आणि दूध एकत्र येत नाही, म्हणून सेदेरचे जेवण मटणाचे किंवा कोंबडीचे असेल, तर शेवटच्या गोडात लोणी, दूध, मलई काहीच नको. आपल्या घरांत नारळाचा रस आणि खोबरेल तेल यांनी हे काम पिढ्यान्‌पिढ्या केले आहे, आणि पेसाखच्या बेकिंगमध्येही तेच सर्वांत उपयोगी पडते.

तुम्ही स्वतः ज्यू नसाल आणि सेदेरचे निमंत्रण आले म्हणून काही गोड घेऊन जावे असे मनात असेल, तर एक सूचना मोकळेपणाने करतो. तुमच्या घरच्या ओव्हनमध्ये, तुमच्या भांड्यात केलेला केक, साहित्य कितीही शुद्ध असले तरी, कोशर पाळणाऱ्या यजमानांना खाता येणार नाही, आणि ते सांगताना त्यांना फार संकोच होईल. त्यापेक्षा सणाच्या एक-दोन दिवस आधी त्यांच्याच स्वयंपाकघरात जाऊन त्यांच्याच टिनमध्ये पुढे दिलेला बदामाचा केक करून द्यावा. घर साफ करून दमलेल्या यजमानीणबाईंना फुलांच्या गुच्छापेक्षा ही भेट अधिक आवडेल.

टिन कोणता घ्यावा

परदेशी पाककृतींत २३ बाय ३३ सेंमीचा मोठा आयताकृती टिन गृहीत धरलेला असतो. तो आपल्याकडच्या लहान ओटीजीमध्ये बहुधा जात नाही, गेलाच तर कडांना भिडतो आणि गरम हवा फिरायला जागा राहत नाही. त्यामुळे मी २० सेंमीचा चौकोनी आणि किमान ५ सेंमी खोल असा अ‍ॅल्युमिनियमचा टिन सुचवतो. या टिनचा तळ मोठ्या टिनच्या तळाच्या जवळजवळ निम्मा भरतो, म्हणून मोठ्या टिनसाठी दिलेले कोणतेही प्रमाण डोळे झाकून अर्धे करता येते. चौकोनीच का, याचे कारण मत्सा. यंत्रावर केलेली मत्सा चौकोनी, साधारण १७-१८ सेंमीची असते आणि ती या टिनमध्ये अलगद बसते. गोल टिनमध्ये ती तोडून जुळवत बसावे लागते. गडद रंगाचे नॉनस्टिक टिन तळ लवकर करपवतात. बदाम आणि साखर जास्त असलेल्या मिश्रणाला हे विशेष जाणवते, म्हणून फिक्या रंगाचा साधा टिन बरा.

धातूचा नवा टिन वापरण्यापूर्वी काही घरांत मिकव्यामध्ये, म्हणजे शुद्धिस्नानाच्या कुंडात, बुडवून आणण्याची प्रथा आहे. मिकवा जवळ नसेल तर समुद्राचे पाणीही त्यासाठी चालते, आणि अलिबाग-मुंबईच्या लोकांना समुद्र काही लांब नाही. हे सारे करणे शक्य नसेल, तर दुकानात मिळणारी अ‍ॅल्युमिनियम फॉइलची एकदा वापरून टाकण्याची चौकोनी भांडी सर्वांत सोयीची. ती पातळ असल्याने हातात वाकतात. मिश्रण भरण्याआधीच ती ओव्हनच्या सपाट ट्रेवर ठेवावीत आणि ट्रेसकट आत-बाहेर करावीत.

ओव्हनचे काय, हा प्रश्न तुमच्या रब्बींना (धर्मगुरूंना) किंवा सिनेगॉगमधल्या जाणकारांना विचारलेला बरा. सर्वसाधारण रीत अशी, की ओव्हन आतून कण न् कण काढून स्वच्छ करायचा, २४ तास वापरायचा नाही आणि मग सर्वाधिक तापमानाला सुमारे तासभर रिकामाच तापवायचा. जुने ट्रे आणि जाळ्या बाजूला ठेवून नव्या घेतल्या तर शंका कमी राहते. ज्या घरांत सणाचे नियम काटेकोर पाळतात तिथे शब्बाथला, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवशी, आणि सणाच्या मुख्य दिवशी विजेचा ओव्हन चालू-बंद करत नाहीत, म्हणून सेदेरच्या आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी सूर्यास्तापूर्वी भाजणे उरकून घ्यावे. या लेखातले सर्व पदार्थ एक दिवस आधी करून ठेवण्यासारखे आहेत, किंबहुना बदामाचा केक दुसऱ्या दिवशीच अधिक चांगला लागतो.

टिनखेरीज एक मोठा खोल वाडगा, एक तारेचा फेटणारा चमचा, एक रबरी सपाट चमचा, एक किसणी आणि एक छोटा वजनकाटा एवढेच लागेल. वजनकाट्याबद्दल मी आग्रही आहे. मैद्याच्या केकमध्ये वाटीचे माप थोडे इकडेतिकडे झाले तरी निभते. मत्साचा चुरा आणि बटाट्याचे स्टार्च मात्र ही सवलत देत नाहीत.

मैदा नसताना केक उभा कसा राहतो

मैद्याच्या केकचा सांगाडा ग्लुटेनच्या जाळ्याने आणि गरम होऊन फुगलेल्या स्टार्चने बनतो. पेसाखच्या केकमध्ये हे काम अंड्याला करावे लागते. अंडी साखरेबरोबर फेटली, की त्यांत हवेचे बारीक बुडबुडे अडकतात. ओव्हनमध्ये ते फुगतात आणि त्याच वेळी अंड्यातली प्रथिने घट्ट होऊन त्या बुडबुड्यांना आहे त्या जागी धरून ठेवतात. म्हणून अंडी नीट न फेटता घातली तर केक खाली बसणार, आणि फेटून झालेले मिश्रण अर्धा तास तसेच ठेवले तरी बसणार. एप्रिलच्या उकाड्यात अंडी फ्रीजमधून अर्धा तास आधी काढली की पुरे. प्रत्येक अंडे आधी वेगळ्या वाटीत फोडून पाहावे; रक्ताचा ठिपका असलेले अंडे कोशर स्वयंपाकात टाकून देतात, आणि ते थेट मिश्रणात पडले तर आधीची सगळी अंडीही टाकावी लागतात.

मत्साचा चुरा दोन प्रकारांत मिळतो, रव्यासारखा जाडसर आणि केकसाठीचा पिठासारखा बारीक. तो एकदा भाजलेल्या मत्सांचा असल्यामुळे पाणी भराभर शोषून घेतो. मिश्रण पाच मिनिटांपूर्वी सैल होते आणि आता घट्ट झाले, असे दिसले की नवखा माणूस घाबरून पाणी ओततो. ते करू नये. मैद्याच्या पाककृतीत मैद्याऐवजी तेवढाच मत्साचा चुरा घालण्याचा प्रयोग मी पहिल्या वर्षी केला होता. जे बाहेर आले ते केकच्या आकाराची वीट होती, आणि घरच्यांनी ती सौजन्याने चहात बुडवून संपवली. बटाट्याचे स्टार्च थोडे घातले तर केकचा पोत मऊ होतो, पण जास्त झाले तर तो चिकट आणि रबरासारखा लागतो. बदामाच्या २५० ग्रॅम पुडीला २ मोठे चमचे ही त्याची मर्यादा समजावी.

या दोघांच्या तुलनेत दळलेले बदाम फार समजूतदार असतात. त्यांच्यात स्वतःचे तेल असल्याने केक कोरडा पडत नाही, त्यांना कितनियोतची अडचण नाही, आणि मत्सा नसल्यामुळे हसिदी पाहुण्यांच्या नियमातही ते बसतात. म्हणून पहिला पदार्थ बदामाचाच.

संत्र्याच्या सालीचा बदाम केक

लागणारे साहित्य असे: ४ मोठी अंडी, २०० ग्रॅम साखर, २५० ग्रॅम दळलेले बदाम, २ मोठे चमचे बटाट्याचे स्टार्च, ४० मिली खोबरेल तेल, २ संत्र्यांच्या सालीचा कीस, ५० मिली संत्र्याचा रस आणि पाव छोटा चमचा मीठ. खोबरेल तेल खाण्याचे, बिनवासाचे किंवा घाण्याचे कोणतेही चालेल. घाण्याच्या तेलाला नारळाचा वास राहतो, जो मला आवडतो पण सगळ्यांना आवडेलच असे नाही. साखर साधी दाणेदार घ्यावी, कारण बाजारच्या पिठीसाखरेत गुठळ्या होऊ नयेत म्हणून बऱ्याचदा मक्याचे स्टार्च मिसळलेले असते.

बदाम घरी दळायचे असतील तर मिक्सरचे भांडेही पेसाखचेच हवे. ते नसेल तर दळलेले बदाम खूण पाहून विकत घ्यावेत. घरी दळताना साखरेतला एक मूठभर भाग बदामांबरोबर घालावा आणि मिक्सर सलग न फिरवता थांबून थांबून फिरवावा. सलग फिरवले की बदामाला तेल सुटते आणि पिठाऐवजी लगदा हातात येतो. साल काढायची गरज नाही. सालीसकट दळले तर केक तपकिरी होतो, एवढाच फरक. साल काढायचीच असेल तर बदाम भिजवल्यावर पंख्याखाली पूर्ण कोरडे करून घ्यावेत. काजू स्वस्त मिळत असतील तर निम्मे बदाम काजूने बदलता येतात; सगळेच काजू घालू नयेत, कारण काजूचा लगदा लवकर होतो.

ओव्हन १७० अंशांवर, वरची आणि खालची अशा दोन्ही कॉइल चालू ठेवून, १५ मिनिटे तापवावा आणि टिन ठेवण्याची जाळी मधल्या खाचेत लावावी. टिनला आतून तेलाचा हात फिरवून तळाशी बटर पेपरचा एक लांब पट्टा असा लावावा, की त्याची दोन टोके समोरासमोरच्या कडांवरून बाहेर येतील. केक थंड झाल्यावर याच टोकांना धरून तो उचलायचा आहे.

आता साखर वाडग्यात घेऊन त्यावर संत्र्याची साल थेट किसावी. फक्त वरचा केशरी भाग किसायचा. आतला पांढरा थर कडू असतो आणि नागपुरी संत्र्याची साल सैल व पातळ असल्याने तिथे हात पटकन खोल जातो. संत्रे सोलण्याआधी किसावे, सोललेली साल किसणे फार अवघड जाते. चांगली संत्री मिळाली नाहीत तर मोसंबी आणि लिंबू अर्धेअर्धे घ्यावे. किसलेली साल साखरेत बोटांनी चोळावी. साखर ओलसर आणि सुगंधी झाली, की सालीतले तेल तिच्यात उतरले असे समजावे. हे एक मिनिटाचे काम आहे, पण माझ्या मते या केकची अर्धी चव इथेच ठरते.

त्यावर अंडी आणि मीठ घालून फेटावे. हाताने साधारण पाच ते सहा मिनिटे आणि विजेच्या यंत्राने तीन मिनिटे लागतात. मिश्रण फिकट पिवळे, दाट आणि जवळजवळ दुप्पट झाले, चमचा वर उचलल्यावर पडणारी धार क्षणभर पृष्ठभागावर दिसत राहिली, की थांबावे. आता तेल आणि रस बारीक धारेने घालून हलक्या हाताने मिसळावे. बदाम आणि स्टार्च आधी एकत्र करून ठेवलेले असावेत. ते तीन भागांत घालून, सपाट चमच्याने वाडग्याच्या तळापासून वर घेत, उलटसुलट घडी घातल्यासारखे मिसळावे. इथे जोराने ढवळले तर आत्तापर्यंत कमावलेली हवा निघून जाते. मिश्रण इडलीच्या पिठाहून थोडे सैल दिसेल, आणि तसेच ते असायला हवे.

टिनमध्ये ओतून लगेच ओव्हनमध्ये ठेवावे. ३५ ते ४० मिनिटे लागतात. लहान ओटीजीमध्ये वरची कॉइल जवळ असल्याने पंचविसाव्या मिनिटाला रंग पाहावा आणि वरून गडद होऊ लागला असेल तर फॉइलचा तुकडा सैल झाकावा. पहिली पंचवीस मिनिटे दार उघडू नये. सुरी घालून पाहिल्यावर तिला ओला लगदा लागू नये, पण दोन-चार ओलसर कण चिकटले तर हरकत नाही; सुरी अगदी कोरडी येईपर्यंत भाजत बसले तर दुसऱ्या दिवशी केक कडांना कडक लागतो. बाहेर काढल्यावर तो मध्यभागी बोटाच्या पेराएवढा खाली बसेल. हे अपयश नाही, बिनमैद्याच्या केकची ती रीतच आहे.

टिनमध्येच पूर्ण गार होऊ द्यावा, मग उचलून १६ चौकोन कापावेत. सेदेरसाठी खजुराचा दाट पाक, ज्याला आपण खजुराचा शिरा म्हणतो, तो केलेला असतोच. त्यातला दोन चमचे थोड्या गरम पाण्याने सैल करून वर सोडला, तर वेगळ्या सजावटीची गरज राहत नाही. कोकणी चवीसाठी ५० ग्रॅम बदामांऐवजी तेवढाच सुका खोबऱ्याचा कीस आणि अर्धा चमचा वेलचीपूड घालून पाहावी. हवाबंद डब्यात हा केक बाहेर दोन दिवस आणि फ्रीजमध्ये पाच दिवस टिकतो; मुंबईच्या दमटपणात मी तो पहिल्याच रात्री फ्रीजमध्ये टाकतो.

सफरचंदाची मत्सा

हा पदार्थ शब्दशः एकाच टिनमध्ये होतो, वाडगासुद्धा लागत नाही. पूर्व युरोपातल्या घरांत अशा भाजलेल्या पदार्थाला कुगेल म्हणतात. ४ मत्सा टिनमध्येच हाताने तोडून त्यावर कोमट पाणी ओतावे, दोन मिनिटांनी हाताने दाबून धरून टिन तिरपा करावा आणि सगळे पाणी काढून टाकावे. तुकडे मऊ पण अखंड राहायला हवेत; जास्त भिजले तर खळ होते. मग ३ अंडी, ८० ग्रॅम साखर, ५० मिली तेल, एक छोटा चमचा दालचिनीपूड आणि चिमूटभर मीठ त्यातच घालून काट्याने चांगले कालवावे. २ सफरचंदे सालीसकट किसून आणि मूठभर बेदाणे घालून पुन्हा कालवावे. वरून आणखी थोडी साखर-दालचिनी भुरभुरावी आणि १८० अंशांवर ४० ते ४५ मिनिटे, कडा सोनेरी होऊन मध्यभाग हलेनासा होईपर्यंत भाजावे. टिनला आधी तेल लावलेले असले तरी यात साहित्य टिनमध्येच ढवळले जात असल्याने तळ थोडा चिकटतो. म्हणून कापून बाहेर काढण्याऐवजी टिनमधूनच चमच्याने वाढावे. सणाच्या मधल्या दिवसांत सकाळच्या न्याहारीला गरम करून हे फार छान लागते.

मत्सा टॉफी

मॉन्ट्रियलच्या मार्सी गोल्डमन यांनी १९८० च्या दशकात खाऱ्या बिस्किटांच्या जागी मत्सा घालून हा प्रकार लोकप्रिय केला आणि आज तो उत्तर अमेरिकेतल्या पेसाखची जवळजवळ ओळखच झाला आहे. एकच टिन म्हणायचे तर इथे एक छोटे पातेलेही लागते. टिनमध्ये फॉइल आणि त्यावर बटर पेपर पसरून एक मत्सा आणि कडेच्या फटी भरतील इतके तुकडे मांडावेत. पातेल्यात ७५ ग्रॅम लोणी आणि ७५ ग्रॅम ब्राउन शुगर मध्यम आचेवर ढवळत उकळू द्यावी. बुडबुडे सगळीकडून येऊ लागले की तीन मिनिटे मोजून खाली उतरवावे आणि लगेच मत्सावर ओतून पसरावे. १७५ अंशांवर १० ते १२ मिनिटे भाजावे आणि शेवटची चार मिनिटे ओव्हनसमोरून हलू नये, कारण खमंग आणि करपलेले यांच्यात इथे मिनिटभराचे अंतर असते. बाहेर काढल्याबरोबर ८० ग्रॅम काळ्या चॉकलेटचे तुकडे वर पसरावेत, पाच मिनिटांनी ते वितळल्यावर चमच्याने सारखे करून किंचित जाडे मीठ भुरभुरावे.

चिक्कीची सवय असलेल्याला इथे गूळ घालण्याचा मोह होईल. लोण्याबरोबर तो नीट एकजीव होत नाही आणि लवकर करपतो, म्हणून तो टाळावा. लोण्यामुळे ही टॉफी मांसाहारी जेवणानंतर चालत नाही. एप्रिलच्या उन्हाळ्यात ती बाहेर कधीच घट्ट होणार नाही, तासभर फ्रीजमध्ये ठेवून मग तोडावी आणि पुढेही तिथेच ठेवावी.

बटाट्याचा कुगेल

गोडानंतर हातात तिखटमिठाचे काही हवेच. ओव्हन २०० अंशांवर तापत असतानाच टिनमध्ये ६० मिली तेल घालून तो आत ठेवावा. दरम्यान ८०० ग्रॅम बटाटे आणि एक मोठा कांदा किसून, स्वच्छ फडक्यात बांधून घट्ट पिळावा. पाणी राहिले तर मध्यभाग चिखलासारखा होतो. बटाटा किसल्यावर दहा मिनिटांत काळवंडतो, म्हणून कांदा आधी आणि बटाटा नंतर किसावा. ३ अंडी, दीड छोटा चमचा मीठ, मिरपूड आणि हवी असल्यास बारीक चिरलेली हिरवी मिरची व कोथिंबीर मिसळावी. आता तापलेला टिन जाड कापडाने धरून बाहेर काढावा, त्यातले निम्मे तेल सांभाळून मिश्रणात ओतावे आणि मिश्रण चटकन टिनमध्ये पसरावे. चर्र असा आवाज आला पाहिजे. तो आला, की तळाला कुरकुरीत पापुद्रा येणार हे नक्की. ५५ ते ६५ मिनिटे, वरून चांगला तांबूस होईपर्यंत भाजावे. यात दूध नाही, धान्य नाही, मत्साही नाही, त्यामुळे कोणत्याही रीतीच्या पाहुण्यासमोर तो ठेवता येतो. हिंगाची डबी मात्र आधीच कुलपात गेलेली असावी.

टिन परत ठेवताना

सण संपल्यावर टिन मऊ घासणीने धुवावा, तारेच्या घासणीने अ‍ॅल्युमिनियमवर ओरखडे पडतात आणि पुढच्या वर्षी केक तिथेच चिकटतो. मंद ओव्हनमध्ये पाच मिनिटे ठेवून पूर्ण कोरडा करावा, कारण पावसाळ्यात माळ्यावरच्या ओलसर भांड्यांवर पांढरे डाग येतात. किसणी, फेटणारा चमचा आणि रबरी चमचा त्याच टिनमध्ये घालून सगळे जुन्या उशीच्या अभ्र्यात बांधावे, वर ठळक अक्षरांत ‘पेसाख’ लिहावे आणि नेहमीच्या भांड्यांपासून दूर ठेवावे. त्याच गाठोड्यात या वर्षीची एक चिठ्ठीही टाकावी: तुमच्या ओव्हनमध्ये बदामाचा केक नेमका कितव्या मिनिटाला झाला, मत्साचे किती पुडे उरले, आणि कोणता पाहुणा काय खात नाही.